स्वमग्न मुलाची शाळा : कलम ३१ला पैशाची जोड द्या

प्रति,
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

स. न. वि. वि.

पुण्यात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलासाठी शाळा शोधायला निघालेल्या पालकांना महिनाभरातच कळतं की कायदा आपल्या बाजूने आहे, पण फी भरायला कोणी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ३१ अगदी स्पष्ट आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम ही जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थेवरही टाकतं आणि शिक्षण 'योग्य वातावरणात' मिळालं पाहिजे असं म्हणतं. म्हणून हे पत्र आपणा दोघांना लिहीत आहोत.

आमची मागणी एकच आहे. विशेष शाळेचा पैसा मुलाच्या मागे जावा. नोंदणी असलेल्या ज्या शाळेत मूल शिकेल तिथे त्याची फी पोचावी, आणि मुलाने शाळा बदलली तर ती रक्कमही त्याच्याबरोबर जावी. हे कसं करता येईल, त्याला किती पैसे लागतील आणि आज घोडं कुठे अडतं, ते पुढे सविस्तर मांडतो.

आधी अडचण कुठे आहे ते. आपल्या राज्यातल्या अनुदानित विशेष शाळांची जुनी घडी अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशा चार प्रवर्गांची आहे. ही घडी बसली तेव्हा ऑटिझम हा शब्द कोणाच्या कागदावर नव्हता. आज २०१६च्या कायद्याच्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझमचं स्वतंत्र नाव आहे, पण अनुदानाच्या कप्प्यात स्वमग्न मूल अजूनही मतिमंद प्रवर्गाच्या दारातूनच आत येतं. ज्या मुलाला ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमताही आहे, त्याचं यात कसंबसं निभतं. ज्याची बुद्धी वयाप्रमाणे आहे, पण जो बोलत नाही, वर्गातला आवाज ज्याला सहन होत नाही, दिनक्रम बदलला की जो कोलमडतो, त्याला दोन्हीकडे जागा नाही. नेहमीची शाळा म्हणते, 'आमच्याकडे सोय नाही.' अनुदानित विशेष शाळा म्हणते, 'हा आमच्या प्रवर्गात बसत नाही.' मग कोणीतरी पालकांना सल्ला देतं, 'सर्टिफिकेट मतिमंद म्हणून करून घ्या, प्रवेश होईल.' हा सल्ला भल्यासाठी दिला जातो, पण त्याने मुलाचं नुकसान होतं. कागदावर चुकीचं निदान चढलं की पुढे परीक्षेतल्या सवलतींपासून आयकराच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे तेच चिकटतं आणि दुरुस्त करायला पुन्हा दिव्यांगत्व प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर जावं लागतं.

त्या बोर्डाबद्दलही थोडं. ऑटिझमची टक्केवारी आयसा या भारतीय मोजपट्टीवर ठरते. तिच्यात ४० बाबी असतात. प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही असं धरतात. १ गुण म्हणजे ते वर्तन क्वचित दिसतं, ५ म्हणजे जवळपास नेहमी. हे ठरवायला मुलाला पाहावं लागतं आणि पालकांशी निवांत बोलावं लागतं. बोर्डाच्या दिवशी लांबलचक रांग असते, मूल दोन-अडीच तास ताटकळतं, आणि आत जाईपर्यंत ते एक तर किंचाळत असतं किंवा थकून गप्प बसलेलं असतं. किंचाळणाऱ्याची टक्केवारी चढते. गप्प बसलेल्याला '४० टक्क्यांच्या आत' असं लिहून मिळतं आणि कलम ३१चा दरवाजा तिथेच बंद होतो. यावरचा उपाय फार मोठा नाही. महिन्यातला एक अर्धा दिवस फक्त ऑटिझमसाठी राखावा, आधी वेळ ठरवून द्यावी, एका मुलाला किमान ४५ मिनिटं मिळावीत, आणि शाळेतल्या किंवा थेरपी सेंटरमधल्या नोंदणीकृत मानसतज्ज्ञाचा अहवाल, घरी काढलेले व्हिडिओ यांचा पुरावा म्हणून विचार व्हावा. यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र यायला लागणारा वेळ धरून ही तपासणी दिवाळीच्या आत झाली, तरच पुढच्या जूनच्या प्रवेशाला कागद हाताशी असतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करणाऱ्या दिव्यांग मुलांनाही ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतंच.

आता शाळा निवडण्याबद्दल. यावर सविस्तर लिहितो, कारण पालक शाळेत जाऊन जे पाहतात तेच आपल्या तपासणी अधिकाऱ्यांनीही पाहावं अशी आमची इच्छा आहे. इमारत, पटसंख्या आणि हजेरीपत्रक पाहून विशेष शाळा कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे माणसं. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि प्रत्येकाला सीआरआर क्रमांक मिळतो. तो विचारायला पालक संकोचतात, आणि विचारलाच तर 'मॅडम खूप अनुभवी आहेत' असं उत्तर येतं. अनुभव हवाच, पण शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून वर्ग चालवणारी ठिकाणं या शहरात आहेत. प्रत्येक वर्गाबाहेर शिक्षकाचं नाव, पात्रता, सीआरआर क्रमांक आणि वर्गातल्या मुलांची संख्या लावणं आपण सक्तीचं करू शकता. एका कागदाचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट भिंतीवरचं चित्र-वेळापत्रक. स्वमग्न मुलाला 'आधी काय, मग काय' हे डोळ्यांनी दिसलं की त्याची निम्मी भीती जाते. म्हणून जवळपास प्रत्येक शाळेत वेल्क्रोच्या पट्टीवर चित्रकार्डं लावलेली असतात : प्रार्थना, काम, डबा, झोका, घर. शाळेच्या भेटीत पालकांनी आणि अधिकाऱ्यांनी त्या पट्टीपाशी दोन मिनिटं थांबावं. पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की मोठ्यांच्या? एखादं काम संपल्यावर मूल ते कार्ड स्वतः काढून 'झालं'च्या पाकिटात टाकतं का? गुरुवारी दुपारी तिथे सोमवारचीच कार्डं असतील आणि कडांवर धूळ बसली असेल, तर ती सजावट आहे. कार्डांचे कोपरे मुडपलेले, वेल्क्रो झिजलेलं, मधलं एखादं कार्ड पेनाने खाडाखोड करून बदललेलं दिसलं, तर तिथे खरंच काम चालतं असं समजावं.

तिसरी गोष्ट डब्याची सुट्टी. शाळा पाहायला जायची उत्तम वेळ हीच. चांगल्या वर्गात डबा मुलासमोर बंद ठेवतात. मूल शिक्षिकेच्या हातात 'उघड'चं कार्ड देतं, किंवा हाताने खूण करतं, किंवा टॅबवरचं बटण दाबतं, आणि मगच डबा उघडतो. त्या दहा सेकंदांत शिक्षिका गप्प बसून वाट पाहते. हे गप्प बसणं शिकायला वर्षं लागतात. वाईट वर्गात मावशी पटापट सगळे डबे उघडून देतात, शांतता राहते, आणि मुलाला दिवसभरात काही मागण्याची वेळच येत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मागायची भाषाही मराठीच हवी. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे संवादाचं ॲप फुकट मिळतं आणि मराठीत चालतं. तरीही इंग्रजी कार्डं लावून 'वॉटर' म्हणायला शिकवणं चालूच असतं, आणि घरी आजीला ते कळत नाही.

चौथी गोष्ट वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. तो फाइलमध्ये सगळ्यांकडे असतो. उघडून वाचावा. 'संवादकौशल्य वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते पुरं झालं की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही. 'डबा उघडून हवा असेल तेव्हा कोणी हात न धरता कार्ड मोठ्या माणसाच्या हातात देईल, १० पैकी ८ वेळा, सलग ५ दिवस' हे उद्दिष्ट. त्याच्या आधी आजची स्थिती लिहिलेली हवी : आज १० पैकी २ वेळा, तेही हात धरून. दर तीन महिन्यांनी पालकांसमोर आढावा हवा आणि एका वेळी उद्दिष्टं सहा-आठच्या वर नकोत. तीस उद्दिष्टांचा आराखडा कोणी वापरत नाही, तो तपासणीसाठी लिहिलेला असतो.

पाचवा प्रश्न विचारायला सगळ्यांत अवघड जातो : मूल स्वतःचं डोकं आपटायला लागलं, दुसऱ्याला चावलं, तर तुम्ही काय करता? 'आम्ही प्रेमाने समजावतो' हे उत्तर पुरेसं नाही. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, अशा तीन रकान्यांची नोंदवही आहे का ते पाहावं. त्या वहीतूनच कळतं की आपटणं रोज पंखा मोठा केल्यावर सुरू होतं, किंवा काम अवघड झालं की होतं, किंवा दात दुखत असल्यामुळे आहे. वही नसेल तर मुलाला कोंडणं, खुर्चीला बांधणं, कोपऱ्यात उभं करणं हे शिस्त म्हणून घडत राहतं, आणि न बोलणारं मूल घरी जाऊन सांगू शकत नाही. आपल्या तपासणीत कोंडण्या-बांधण्याबद्दलचा एक सरळ प्रश्न आणि न कळवता दिलेली भेट, दोन्ही असावीत.

स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहावं. कडी बाहेरून आहे की आतून, फरशी ओली आहे का, मोठ्या मुलींना मदत करायला बाई आहे का, पाळी आलेल्या मुलीचं पॅड कोण बदलतं आणि ते शिकवण्याचा आराखडा आहे का. आवाजही ऐकावा. पत्र्याचं छप्पर, उघड्या भिंती, शहाबादी फरशी असलेल्या हॉलमध्ये आठ मुलांचा आवाज ऐंशी मुलांसारखा घुमतो. जाड पडदे, जमिनीवर मॅट, खुर्च्यांच्या पायांना कापलेले टेनिस बॉल, एवढ्यानेही फरक पडतो. पुण्यात ढोल-ताशाच्या सरावाचे महिने सुरू झाले की नदीकाठच्या आणि मैदानांजवळच्या संध्याकाळच्या थेरपी सेंटरमधली मुलं कानावर हात धरून बसतात. सरावाच्या जागांना परवानगी देताना जवळपास असं केंद्र आहे का, एवढं महापालिकेने पाहिलं तरी पुष्कळ होईल.

आणि 'ऑटिझम सहा महिन्यांत बरा करतो' म्हणणाऱ्या, शाळेबरोबर स्टेम सेलचं पॅकेज सुचवणाऱ्या ठिकाणी पालकांनी दुसरा प्रश्न विचारू नये. ऑटिझम बरा होत नाही. मूल शिकतं.

यातलं बरंचसं नीट करणाऱ्या संस्था पुण्यात आहेत. प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. बौद्धिक अक्षम मुलांसाठी गोखलेनगरची कामायनी, सेवासदनची दिलासा ही कित्येक कुटुंबांची आधाराची नावं आहेत. पण चांगल्या शाळेत जागा मोजक्या, आणि ज्या विनाअनुदानित आहेत त्यांना फीवरच चालावं लागतं. ती फी इतकी का होते हे एका वर्गाचा हिशेब मांडल्यावर कळेल.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१च्या निकालात, सरकार स्वतःचं प्रमाण ठरवेपर्यंत, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितलं. पुढे केंद्राने सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि वरच्या वर्गांना १५ मागे १ असं ठरवलं. सर्व प्रकारच्या दिव्यांग मुलांना एकच आकडा लावल्यामुळे यात स्वमग्न मुलांचा तोटा झाला, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑटिझमच्या वर्गाला पाचला एक हेच खरं प्रमाण.

तर पाच मुलांचा वर्ग धरू. आकडे आम्ही मोजायच्या सोयीसाठी धरले आहेत, आपल्या लेखा विभागाने त्यात आपले घालावेत. विशेष शिक्षिकेला महिना ३०,००० रुपये, मदतनीस मावशींना १५,०००. हे झाले ४५,०००, म्हणजे मुलामागे ९,०००. एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक स्पीच थेरपिस्ट, प्रत्येकी ४०,०००, चार वर्गांत मिळून, म्हणजे २० मुलांमागे ८०,००० : मुलामागे ४,०००. जागेचं भाडं, वीज, सफाई यांचे वर्गामागे २०,००० धरले तर आणखी ४,०००. साहित्य, लॅमिनेशन, शिक्षकांचं प्रशिक्षण १,०००. बेरीज महिना १८,००० रुपये. यात संस्थेचा नफा नाही, वाहतूक नाही, मुख्याध्यापकांचा पगारही नाही.

आता यासमोर हे ठेवून पाहा : आरटीईच्या २५ टक्क्यांतल्या मुलासाठी राज्य शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये धरत आलं आहे. ऑटिझमच्या वर्गाला तेवढे एका महिन्यात लागतात.

पैसे कमी पडले की शाळा काय करते? भाडं कमी होत नाही, थेरपिस्ट टिकत नाही, म्हणून वर्गात पाचाऐवजी आठ मुलं बसतात. शिक्षक आणि मावशींचा खर्च मुलामागे ९,००० वरून ५,६२५ वर येतो, पालकांनाही दिलासा वाटतो. पण आठांतल्या एकाचा तोल गेला की शिक्षिका त्याच्याजवळ, मावशी दुसऱ्याला स्वच्छतागृहात घेऊन गेलेल्या, आणि उरलेली सहा मुलं मण्यांची तीच माळ तिसऱ्यांदा ओवत बसतात. दुसरा मार्ग म्हणजे शाळा अर्ध्या दिवसाची करणं. मग आईची नोकरी जाते आणि फी भरणारा एक पगार कमी होतो.

मदतीच्या योजना नाहीत असं नाही. पण त्या एकमेकींना जुळत नाहीत आणि शाळेच्या फीपर्यंत एकही नीट पोचत नाही. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये आणि मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन १० महिने, तेही प्रामुख्याने सरकारी व्यवस्थेतल्या मुलांसाठी. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत कवच देते, थेरपीलाही काही मर्यादेत, आणि प्रत्येक पालकाने ती घ्यावीच. पण शाळेची फी तिच्यात बसत नाही. आयकराच्या ८० डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, ऑटिझमसाठी १०-आयए फॉर्मवर तज्ज्ञ डॉक्टरची किंवा सिव्हिल सर्जनची सही लागते, आणि वजावट म्हणजे हातात आलेले पैसे नव्हेत. २० टक्के कर भरणाऱ्याचे ७५,००० वर १५,६०० रुपये वाचतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता दुप्पट, महिना ५,६२५ रुपये मिळतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या, केंद्राच्या सेवेत असलेल्या कायम कामगाराला हा आधार आहे. त्याच्याच गल्लीतल्या रिक्षावाल्याला आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला नाही. कलम ३१ने मात्र दोघांच्या मुलांत फरक केलेला नाही, आणि त्यात उत्पन्नाची अटही नाही.

मग पैसा कुठून आणायचा? महापालिकेने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे, असा राज्य सरकारचाच आदेश आहे. या निधीतून साहित्य, साधनं, अर्थसाहाय्य वाटलं जातं. ते हवंच. पण स्वमग्न मुलाला व्हीलचेअर लागत नाही, श्रवणयंत्र लागत नाही. त्याला लागतो प्रशिक्षित माणूस, रोज, अनेक वर्षं. या निधीत 'विशेष शिक्षण फी' असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. राज्याने आपला वाटा दिव्यांग कल्याण विभागातून त्यात घालावा.

रक्कम कशी द्यायची हे तिच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. पालकांना आधी फी भरायला लावून नंतर परतावा दिला, तर ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच फायदा होतो. म्हणून रक्कम थेट शाळेच्या खात्यात जावी, तिमाहीच्या सुरुवातीला, आणि पहिला हप्ता १५ जूनच्या आत. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकली की मोठ्या शाळा कुरकुरतात, पण चार वर्गांची विशेष शाळा तीन महिन्यांत बंद पडते. रक्कम घेणाऱ्या शाळेने पालकांकडून वरून काही घेऊ नये, ना 'विकास निधी', ना 'थेरपी चार्ज'. हजेरीची अट घालताना जपून घालावी. स्वमग्न मुलांमध्ये फिट्स येण्याचं प्रमाण जास्त असतं, औषध बदललं की दोन-तीन आठवडे मूल घरी राहतं. सरसकट ७५ टक्क्यांची अट घातली तर सर्वांत गरजू मूलच बाहेर पडेल. डॉक्टरची चिठ्ठी असलेले दिवस हजेरीत धरावेत. प्रमाणपत्राची मुदत संपून नवीन यायला उशीर झाला, तर सहा महिने फी थांबू नये.

आणि ज्यांनी नेहमीची शाळा निवडली त्यांनाही हीच रक्कम वेगळ्या रूपात मिळावी. कायदा 'किंवा' म्हणतो, एकीकडे ढकला असं म्हणत नाही. आज खासगी शाळा प्रवेश देते, आणि आठवड्याभरात 'शॅडो टीचर तुमच्या खर्चाने आणा' असं सांगते. तो शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस, बहुतेक वेळा बारावी झालेली एखादी मुलगी असते, प्रशिक्षण शून्य. ती मुलाला मागच्या बाकावर गप्प बसवून ठेवते आणि वर्गशिक्षिका त्याच्याकडे पाहणं सोडून देते. त्यापेक्षा महापालिकेच्या शाळांत प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक ऑटिझम कक्ष सुरू करावा : दोन शांत खोल्या, १० मुलं, दोन विशेष शिक्षक, दोन मदतनीस. मूल गणिताला, चित्रकलेला, मैदानावर नेहमीच्या वर्गात जाईल आणि आवाज असह्य झाला की कक्षात परत येईल. पट घसरल्याने रिकाम्या पडलेल्या खोल्या महापालिकेकडे आहेत. कुठे किती कक्ष हवेत हे अंदाजाने ठरवू नये. शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला कलम १७ सांगतं. त्यातले ऑटिझमचे आकडे प्रभागवार जाहीर करावेत.

वाहतुकीवर थोडक्यात. फुरसुंगीहून कर्वेनगरला किंवा धायरीहून गोखलेनगरला जाणारं मूल व्हॅनमध्ये दीड तास बसून पोचतं, तेव्हा त्याची शिकण्याची शक्ती संपलेली असते. व्हॅनमध्ये ड्रायव्हरशिवाय एक मदतनीस, मागच्या दारांना मुलांना उघडता येणार नाही असं लॉक, ठरलेली जागा, आणि एका फेरीला ४५ मिनिटांची कमाल मर्यादा, एवढं हवं. मदतनीस नसलेल्या व्हॅनचं कंत्राट देऊच नये. सिग्नलला उतरून पळालेलं मूल शोधायला ड्रायव्हर गाडी सोडून जाऊ शकत नाही.

आयुक्त, दिव्यांग कल्याण, यांच्याकडे दोन गोष्टी स्वतंत्रपणे मागतो. ऑटिझम हा अनुदानाचा वेगळा प्रवर्ग करावा, आणि तोपर्यंत मतिमंद प्रवर्गातल्या ज्या शाळांची तयारी आहे त्यांना पाचला एक या प्रमाणात ऑटिझमची तुकडी मंजूर करावी. दुसरं, कलम ५० खाली नोंदणी प्रमाणपत्र असलेल्या पुणे जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांची यादी मराठीत, सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवावी. तिच्यात पत्ता आणि नोंदणीची मुदत तर असावीच, पण त्याबरोबर वयोगट, मुलं किती आणि नोंदणीकृत शिक्षक किती, थेरपिस्ट आठवड्याला किती तास येतात, फी किती, आणि दर १ मार्चला रिकाम्या जागा किती, हेही असावं. आज ही माहिती पालक एकमेकांना फोन करून गोळा करतात आणि ज्याच्या ओळखी नाहीत त्याचं वर्ष वाया जातं.

वयाचाही प्रश्न आहे. आरटीई १४ वर्षांवर थांबतो, कलम ३१ अठरापर्यंत जातं. मधल्या चार वर्षांत कोणी मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी, दहावी देईल, कोणी व्यवसाय कार्यशाळेत जाईल. नववीत फी बंद करू नये. अठरानंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हे शाळेनेच सतराव्या वर्षी पालकांना सांगावं, अशी सूचना आपण काढू शकता.

महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकाची आखणी सुरू होण्याआधी आपण दोघांनी एकत्र बैठक बोलवावी. समाज विकास विभाग, शिक्षण विभाग आणि लेखा विभागाचे अधिकारी एकाच टेबलावर असावेत, कारण आजवर प्रत्येक विभाग आम्हाला दुसऱ्याकडे पाठवत आला आहे. पाच, दहा आणि वीस मुलांच्या वर्गांचे खर्चाचे तक्ते, आराखड्याचा नमुना आणि तपासणीच्या प्रश्नांचा कागद आम्ही घेऊन येऊ. सुरुवात शंभर मुलांपासून केली तरी चालेल. वर मांडलेल्या हिशेबाने शंभर मुलांची वर्षाची फी २ कोटी १६ लाख रुपये होते.

आपले,
पुण्यातील स्वमग्न मुलांचे पालक आणि विशेष शिक्षक